गाऱ्हाणं तीन शब्दांचं

माझा नवरा अजून आहे, त्याच्यातला मास्तर मात्र आता नाही. रत्नागिरीच्या एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं आठवी-नववीला इंग्रजी शिकवलं. मुलं व्याकरणाला घाबरायची आणि यांना घाबरायची. वाक्प्रचार आले की फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून खाली 'वाक्यात उपयोग करा' असं मराठीत लिहायचे, कारण इंग्रजीत लिहिलं तर अर्धा वर्ग सूचनेतच अडकायचा. त्यांचा लाडका वाक्प्रचार 'लिटल बाय लिटल'. दर वर्षी तो यायचाच. आणि दर वर्षी निम्मी मुलं लिहायची, पक्ष्याने लिटल बाय लिटल घरटं बांधलं. हे वैतागायचे. "रत्नागिरीतले सगळे पक्षी एकाच शाळेत शिकलेत," म्हणायचे. स्वतःच्या घरातलं वाक्य आणा, असा त्यांचा हट्ट असे.

एकदा खाडीपलीकडून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं, माझे अब्बा कुवेतला आहेत, त्यांचे फोन लिटल बाय लिटल कमी झाले. त्या रात्री जेवताना यांनी मला ते वाक्य सांगितलं. पानातला बांगडा तसाच. मी विचारलं, "मार्क किती दिलेत?" तर म्हणाले, "मार्क काय द्यायचे त्याला!" असा माणूस होता. चिडका, पण एका वाक्याने जेवण सोडणारा.

मी घाटावरची. लग्न होऊन इकडे आले, तालुक्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले. तोंडाने फटकळ आहे, हे सासरच्या सगळ्यांनी मला वेळोवेळी सांगितलेलं आहे. आमच्या घरात भांडणं भरपूर व्हायची आणि ती यांच्या आवाजामुळे शेजारी ऐकू जायची. आता वाटतं, काय श्रीमंती होती ती.

एके दिवशी सकाळी हे चहा पीत होते. कप कलंडला, चहा लेंग्यावर सांडला, आणि हे त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या मांडीवर सांडलाय. तोंड वाकडं झालेलं मला नंतर दिसलं. इथून कोल्हापूरला हलवलं. अँब्युलन्समधे आंब्याचा घाट चढताना मी त्यांचा उजवा हात धरून बसले होते आणि तो हात मला धरत नव्हता. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मुलगी पुण्याहून धावत आली. काही दिवस तोंडातून नुसता श्वास यायचा. मग एका दुपारी मुलगी त्यांच्या ओठांना ओलं फडकं लावत होती, तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून अगदी स्पष्ट म्हटलं, "लिटल बाय लिटल."

आम्ही दोघी हसलो आणि रडलो. केवढा धीराचा माणूस! होईन बरा, हळूहळू होईन, असंच सांगत होते ना? नर्सने आणखी दोघींना बोलावून आणलं. "सर, परत म्हणा ना." सरांनी परत म्हटलं. संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, तुमचं नाव काय? "लिटल बाय लिटल." हे कोणतं गाव? "लिटल बाय लिटल." माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? माझ्याकडे बघून, ओळखीचं हसून, "लिटल बाय लिटल."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं. मेंदूतली बोलण्याची जागा गेली की कधीकधी एखादाच शब्द, एखादंच वाक्य शिल्लक राहतं. कुणाची शिवी राहते, कुणाचं देवाचं नाव राहतं. माणूस काहीही सांगायला गेला की तेच बाहेर पडतं. "आणि मॅडम, त्यांना वाटतं की ते बरोबर बोलतायत." हे शेवटचं त्यांनी सहज सांगितलं.

घरी आणलं. काठी घेऊन चार पावलं टाकायला लागले, डाव्या हाताने जेवायला शिकले. बोलणं तेवढंच. चहा हवा, लिटल बाय लिटल. पंखा बंद कर, लिटल बाय लिटल. लाइटचं बिल बघून तर असं कडाडून लिटल बाय लिटल म्हणाले की मी घाबरून हसले. सूर सगळे जागेवर होते. चढ, उतार, टोमणा, लाड, सगळं. फक्त शब्द नव्हते. मी सुरांवरून ओळखायला शिकले. आल्यागेल्याला मी सांगायचे, ते विचारतायत, प्रवास कसा झाला? लोक कौतुक करायचे, वहिनींना सगळं कळतं हो. मला काय कळत होतं, माझं मला माहीत. अर्धं मी माझ्या पदरचं सांगत होते.

आणि प्रत्येक जण जाताना उंबऱ्यात चपला घालताना म्हणायचा, होईल, हळूहळू होईल. कचेरीतले म्हणाले, भाजीवाली म्हणाली, गॅसवाला म्हणाला. त्या 'हळूहळू'चा मला इतका वीट आला की एकदा एका बाईंना मी विचारलं, "म्हणजे नक्की कधी?" बाई परत आल्या नाहीत.

दर मंगळवारी स्पीच थेरपीवाली मुलगी यायची. हसरी, पाठीला सॅक, स्कूटीवरून. तिची युक्ती मला आवडली होती. जे तीन शब्द आहेत त्यांनाच हाताशी धरायचं आणि त्यांना एकेक शब्द जोडत जायचा. "सर, तुम्हीच शिकवायचात ना? वाक्यात उपयोग करा." ती म्हणायची, "लिटल बाय लिटल पाणी." हे म्हणायचे, "लिटल बाय लिटल." ती म्हणायची, "पा..." हे तिच्या ओठांकडे एकाग्र होऊन बघायचे, कपाळावर घाम यायचा, मानेची शीर ताठ व्हायची, आणि यायचं पुन्हा तेच. इतर दिवशी मी घेऊन बसायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाण्याचा ग्लास, चमचा, आमसुलं, नारळाची करवंटी मांडायची. तो माणूस ज्याने गावातल्या निम्म्या पोरांना वाक्यं करायला शिकवली, तो एका चमच्यापुढे हरायचा. कधी टेबलावर डावा हात आपटायचा. कधी मी आपटायचे. एकदा मी ओरडले, "म्हणा ना हो पाणी! एवढंसं पाणी!" त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "लिटल बाय लिटल." त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

पुढे एका मंगळवारी ती मुलगी निघताना सॅकची चेन लावत म्हणाली, "काकू, काही पेशंटचं एका टप्प्यावर थांबतं. आपण प्रयत्न करत राहायचं." म्हणजे थांबलं होतं. मी तिला खोबऱ्याची वडी दिली आणि दार लावलं.

पण याहून मोठं एक होतं, आणि तेच मला आतून खात होतं. संध्याकाळी मी कचेरीतून आले, चहा झाला, की हे माझं मनगट धरायचे. डाव्या हाताने, घट्ट. आणि खालच्या सुरात, काहीतरी मागितल्यासारखं म्हणायचे, "लिटल बाय लिटल." हा सूर वेगळा होता. चहाचा नव्हता, बाथरूमचा नव्हता. मी विचारत सुटायचे. दुखतंय का? पुण्याहून मुलीला बोलवू? शाळेत जायचंय? गावी जायचंय? मान हलायची, पण ती होय म्हणून की नाही म्हणून, तेही आता धड राहिलं नव्हतं. आमच्या मुलीने मोबाइलवर चित्रांचं अ‍ॅप टाकून दिलं. ग्लास, पलंग, संडास, गोळी, देऊळ, गाडी. यांनी सगळी चित्रं नीट, मास्तर पेपर तपासतात तशी पाहिली आणि फोन बाजूला सारला. हवं होतं त्याचं चित्र त्यात नव्हतं.

मला एक शंका होती. आमच्या गल्लीतले एक म्हातारे काका गेले. बरेच महिने अंथरुणाला खिळून होते, सुटले बिचारे असं सगळे म्हणाले. त्यांना नेत असताना हे गॅलरीत उभे होते. त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं, मग माझं मनगट धरलं आणि त्याच सुरात म्हणाले, "लिटल बाय लिटल." मी म्हटलं, "हो, गेले हो काका. चला आत, डास येतायत." आणि पडदा ओढला. त्यांना काका गेल्याचं वाईट वाटलं असेल. असेलच. पण त्या रात्रीपासून मी ती शंका कुणापुढे बोलले नाही, मुलीपुढेही नाही. बोलले तर खरी होईल अशी भीती वाटायची. शिकल्यासवरल्या बाईला असं वाटू नये, पण वाटायचं.

शिमगा जवळ आला आणि गावाहून तिघे जण नारळ घेऊन आले. आमचं गाव पालीच्या जवळ. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या चौथऱ्यावर, बसते आणि तिथे गाऱ्हाणं घालतात. घाटावरच्या माणसाला हे सांगावं लागतं, मलाही सांगावं लागलं होतं. एक जण मोठ्या आवाजात देवीला सगळ्या गावाचं मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. नवी नवरी असताना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे लोक देवीला दम देतायत. गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराला. सासऱ्यांनंतर तो यांच्याकडे आला, आणि या इंग्रजीच्या मास्तराने असं गाऱ्हाणं घातलं की शेजारच्या वाड्यांतली माणसं ऐकायला येत.

तिघांतले वडीलधारे गृहस्थ यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मास्तर, यंदाचा गाऱ्हाणा कोन घालनार ता इचारायला आलाव."

हे खुर्चीत ताठ झाले. "लिटल बाय लिटल," म्हणाले. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणावं तसं, खणखणीत.

"मंग झाला तर," ते गृहस्थ म्हणाले आणि नारळ टीपॉयवर ठेवला.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "काय झालं? काय कळलं तुम्हाला? त्यांना बोलता येत नाही. भावोजी आहेत ना गावात, ते घालतील."

"धाकल्याला कसा घालता येल, वैनी? थोरला जिता हाय. पायावर उभा ऱ्हातो ना?"

"राहतात. पण बोलत नाहीत!"

"पायाचा हाय आमच्यात," ते शांतपणे म्हणाले. "थोरला उभा ऱ्हायला की त्याचा मान. बोलन्याचा कुनी काय सांगितलेला नाय."

खरंच, कुणी सांगितलेलं नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात असा माणूस आलाच नव्हता, जो उभा राहील आणि त्याला बोलता येणार नाही. मी चिडून म्हटलं, "सगळ्या गावासमोर त्यांचा तमाशा करायचाय का?" दुसरा जो जरा मिश्कील होता तो म्हणाला, "देवीला इंग्रजी येत नाय, ता तुमाला कुनी सांगितलान?" हे हसले. कित्येक महिन्यांनी पोट हलेपर्यंत हसले.

मी दिराला फोन केला. म्हटलं, भावोजी, तुम्ही समजावा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वैनी, दादा उभा असताना माझा तोंड नाय उघडनार. मी बाजूला उभा ऱ्हातो, पडला तर धरीन." पडले तर धरणारे खूप होते. हसू झालं तर काय धरणार होते?

गाऱ्हाण्याच्या दिवशी यांनी पांढरा सदरा हट्टाने घातला, बटणं मी लावली. सहाणेभोवती ही गर्दी. मुंबईचे चाकरमानी, लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतून सुट्टी काढून आलेले, माहेरवाशिणी, सगळे. पालखी बसली. ढोल थांबले. हे काठी टेकत पुढे गेले, दीर मागे. मी बायकांत उभी होते. मी मनात एकच म्हणत होते, येऊ दे, एकच शब्द येऊ दे. देवीचं नाव तरी येऊ दे.

त्यांनी मान वर केली आणि गाऱ्हाण्याचा तो लांब, ओढलेला सूर लावला.

"लिटल... बाय... लिटल..."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग ते नारळ घेऊन आलेले गृहस्थ एकटेच गरजले, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या वेळेला दहाबारा आवाज आले. तिसऱ्याला सगळी सहाण.

आणि मी ऐकत गेले. मला त्या गाऱ्हाण्याचा क्रम पाठ होता. पहिलं गावाच्या राखणीचं, ते असंच चढ्या आवाजात असायचं. मग भाताचं, आंब्याच्या मोहराचं, तिथे आवाज जरा पसरायचा. मग मुंबईला, आखातात, दर्यावर असलेल्यांचं, तिथे ते मान वळवून पश्चिमेकडे बघायचे. तशीच वळवली. मग लग्न ठरत नसलेल्या पोरींचं, आजाऱ्यांचं. एकही मागणं सुटलं नाही. शब्द तेच तीन आणि आत सगळं गाव होतं. शेजारी जाऊ हुंदके देत होती. मीही रडत होते, 'व्हय म्हाराजा' म्हणत होते, आणि अनेक महिन्यांनी मला बरं वाटत होतं. समोर एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता, त्याचाही राग आला नाही.

गाऱ्हाण्याच्या शेवटी घालणारा आपल्या घरासाठी एक मागणं मागतो. ते हळू मागायचं असतं, देवीपुरतं, पण साथ त्यालाही सगळ्यांची. हे पालखीकडे एक पाऊल सरकले. डावा हात पालखीच्या दांडीवर ठेवला, घट्ट धरला. आणि खालच्या आवाजात म्हणाले, "लिटल बाय लिटल."

तोच सूर. माझ्या मनगटावरचा.

थांबा, असं ओरडायला मी तोंड उघडलं. थांबा, हे काय मागतायत मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही! पण सगळ्यांचा आवाज उठला होता, आणि इतक्या वर्षांची सवय, माझ्या उघड्या तोंडातून तेच बाहेर पडलं.

"व्हय म्हाराजा!"

मला माझा आवाज सगळ्यांतून वेगळा ऐकू आला. लगेच ढोल सुरू झाले.

लोक येऊन यांच्या पाया पडत होते. जाऊ मला मिठी मारून म्हणाली, "बगितलास, कसा बोल्ले!" दिराचा चेहरा फुलला होता. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला, पुण्याला मुलीकडे पोचला, तिने रडणारे चेहरे पाठवले आणि विचारलं, आई, शेवटी बाबांनी काय मागितलं गं? मी लिहिलं, तुझ्यासाठी असणार. परतीच्या गाडीत हे हातखंब्याचा फाटा यायच्या आत गाढ झोपले होते. तोंड जरा उघडं, चेहऱ्यावर कामं उरकल्याचं समाधान.

त्यानंतर त्यांनी माझं मनगट धरलेलं नाही.

मी कचेरीतून येते, चहा होतो, हे शांत बसून असतात. ते तीन शब्दही आता क्वचित येतात. थेरपीवाली मुलगी म्हणाली, फ्रस्ट्रेशन कमी झालंय, चांगलं लक्षण आहे. भाकरी अर्धी ठेवतात. मऊ भात कालवून दिला तर दोन घास घेऊन माझा हात हळूच मागे सारतात, रागाने नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक आहे म्हणाले, भूक लागेल, हळूहळू लागेल. मी बाजारातून त्यांच्या आवडीची सुरमई आणते, काटा काढून भरवते, रागावते, हात जोडते. ते माझ्याकडे प्रेमाने बघतात. त्यांचं मागणं पोचलंय आणि सगळ्या गावाने त्याला होकार दिलाय, मग आता घाई कसली, असं काहीतरी त्या बघण्यात असतं. किंवा तसं काही नसेलही. त्यांनी मुलीसाठी मागितलं असेल. माझ्यासाठी मागितलं असेल.

परवा संध्याकाळी मला राहवलं नाही. त्यांच्यासमोर खाली बसले आणि मीच त्यांचं मनगट धरलं. केवढं बारीक झालंय. म्हटलं, "अहो, काय मागितलंत? मी कशाला होय म्हटलं, ते तरी सांगा. काहीही म्हणा, मी ओळखेन."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले. मी वाट बघत राहिले, त्या तीन शब्दांची. तेही आले नाहीत.